डावा डाव

लिहून ठेवते ते असे : मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, चौतीस वर्षे एका वकिलांच्या कचेरीत टायपिस्ट आणि निवृत्तीनंतर लाकडाचे चमचे व डाव कोरणारी बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही धाकाला, लाडीगोडीला किंवा रुसव्याला बळी न पडता करत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शाबूत नाही तो उजव्या हाताचा अंगठा, आणि कायद्याने अंगठ्याची अट घातलेली नाही.

लोकांची मृत्युपत्रे मी शेकड्याने टाइप केली. 'पुढे तंटाबखेडा होऊ नये म्हणून' हे वाक्य तर माझी बोटे झोपेतही वाजवतील. हे मात्र हाताने लिहीत आहे, तेही डाव्या हाताने, रोज वीस मिनिटे. गजर झाला की वाक्य असेल तिथे सोडून उठायचे, असा माझ्या हातावर उपचार करणाऱ्या व्यायामवालीचा हुकूम आहे. तेव्हा एखादे कलम मधेच तुटलेले दिसले तर वाचणाऱ्याने माझ्या डोक्याविषयी शंका घेऊ नये.

दोन वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द होते. ते का, हे शेवटी सांगेन, कारण ते सांगायला थोडा धीर गोळा करावा लागणार आहे. घर आणि शिल्लक यांवरून आमच्याकडे कोणी भांडेल असे नाही. प्रश्न आहे माझ्या अवजारांच्या पेटीचा. मुलगा म्हणतो विकून टाक, हे म्हणतात माळ्यावर टाक, आणि मला ती योग्य हातात जायला हवी आहे. हा सगळा कागद त्या पेटीपायी आहे.

कलम १. घर. अडीच खोल्या आणि गॅलरी, माझ्या यजमानांच्या हयातीत त्यांची. त्यांच्यामागे मुलगा आणि सूनबाई यांची, निम्मी निम्मी. मागच्या कागदात मी नुसते 'मुलगा' लिहिले होते. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी उचलून मग ओढावी लागते, हे दोघांनाही ठाऊक आहे, तरी दोघेही ती नुसतीच ओढतात.

कलम २. शिल्लक. असेल ती यजमानांना. अट एकच, त्यांनी नवे बूट घ्यावेत. माझ्या शेवटच्या प्रवासाला ते तपकिरी बूट घालून आले तर मी उठून बसेन.

कलम ३. नणंदबाई. त्यांना मी माझा पहिलावहिला चमचा देते. तो इतका मन लावून कोरला होता की तळातून आरपार भोक पडले. "चमचे बाजारात मिळतात गं, हात कशाला मोडून घेतेस?" असे त्या भर पंगतीत म्हणाल्या होत्या. त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले, याचा राग मला अजून आहे. चमच्याने त्यांनी काहीही खावे.

कलम ४. बँकेच्या खिडकीतला कारकून. त्याला माझा जुना चष्मा. उजव्या मनगटाला पट्टा बांधून मी डाव्या हाताने सही केली, तर हा म्हणतो, "आजी, सही जुळत नाही." मी म्हटले, "अरे, हातच जुळत नाही तर सही कुठून जुळेल?" त्याने पुन्हा सही करायला लावली. ती पहिलीशीही जुळली नाही.

कलम ५. दुखण्याची हकीकत. मृत्युपत्रात हे येत नाही, पण माझे मृत्युपत्र, मी लिहीन. निवृत्त झाले त्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या सुतारभाऊंनी मला एक ठोकळा आणि एक सुरी दिली. "वहिनी, चिडायचं असलं की यावर चिडा," म्हणाले. ढलप्या उडायला लागल्या आणि मी दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा तेच करायला बसले. लाकडाच्या आत चमचा असतोच, आपण फक्त बाकीचे काढायचे, हे मला त्या वयात कळले आणि मी अगदी वेडी झाले. बारा वर्षांत चारशेवर चमचे झाले. मी हातात पुडके घेऊन आले की नातेवाईक आत निरोप देत, "घरात नाहीत म्हणून सांग."

चौतीस वर्षे टायपिंग करून बोट दुखले नाही, आणि हौसेने हात घेतला. आधी बरणीचे झाकण उघडेना. मग किल्ली फिरेना. मग एका सकाळी कप हातातून सुटला आणि मी तो मांजराने पाडला असे सांगितले. आमच्याकडे मांजर नाही.

दुखते हे कबूल केले तर कोरणे बंद होईल, या भीतीने मी ते लपवले. हे घरी असले की मी न्हाणीघरात नळ सोडून कोरत बसे. एक दिवस मोरी तुंबली आणि नळवाल्याने तिच्यातून दोन मुठी ढलप्या काढून यांच्यासमोर ठेवल्या. हे आयुष्यभर घड्याळे दुरुस्त करणारे, बारीकसारीक भागांकडे निरखून बघायची सवय. त्यांनी एक ढलपी उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "अगं, सुरीला धार नाही राहिलेली. जोर लावतेस तू. म्हणून दुखतंय." मी रडले. ते पाठीवर हात ठेवून बसले आणि नळवाला बिचारा कुठे बघावे ते न कळून छताकडे बघत

गजर झाला होता. पुढे लिहिते. छताकडे बघत राहिला.

कलम ६. व्यायामवाली. तिला या मृत्युपत्रातून काही देता येत नाही, कारण ती साक्षीदार आहे, पण आभार मानायला कायद्याची हरकत नाही. पहिल्या दिवशी तिने सांगितले, "काकू, अंगठा मुठीत घ्या आणि मूठ करंगळीकडे वाकवा." मी अशी किंचाळले की बाहेर रांगेत बसलेले दोन जण घरी निघून गेले. मग मी तिला तो एकच प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी मी वर्षभर नळ सोडून बसत होते.

"बंद करावं लागेल का गं?"

"बंद नाही करायचं. थांबत थांबत करायचं."

त्या मुलीला मी तिथेच मिठी मारणार होते, पण हात वर होईना. सहा आठवडे पट्टा, सुरीला शिवायचे नाही. नंतर वीस मिनिटे काम आणि दहा मिनिटे हात मोकळा. सुरीला रोज धार. दुखायच्या आधी थांबायचे, दुखल्यावर नव्हे. हे शेवटचे मला शिकायला सर्वांत जड गेले. यांनी जुन्या घड्याळाचा एक असा गजर बनवून दिला की तो बंद करायला खोलीच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते. तो गजर मी त्यांना परत देते, आणि त्यांनी तो दुपारी झोपताना लावावा.

त्या सहा आठवड्यांत मी घरात काही सुखाने नांदले नाही. हात नुसता शिवशिवत होता. तेव्हा डावा हात कामाला लावायचे ठरवले आणि इथे आमची सूनबाई या हकीकतीत येते.

कलम ७. सूनबाई. ही डावखुरी आहे. घरात आली त्या दिवसापासून मी तिला 'सांडलबाई' म्हणत आले, कारण दूध वाढायला घेतले की ती सांडणारच. ओट्यावर, कपाच्या बाहेर, माझ्या कोरायच्या ठोकळ्यांवरसुद्धा. अकरा वर्षे मी हे नाव पाहुण्यांसमोर वापरले आणि तिने ते हसून घेतले. डाव्या हाताने लिहिलेले मला आवडत नसे. कचेरीत असल्या लोकांचे अर्ज शाई फासलेले येत आणि ते मला पुन्हा टाइप करावे लागत. मी कोणाचे उजवे-डावे करत नाही, असे मी सगळ्यांना सांगत असे. ते खोटे होते.

बँकेतून मी हात हलवत परत आले, तेव्हा ती कोरा कागद घेऊन समोर बसली. "आई, कागद उजवीकडे तिरका करा. सरळ ठेवून आमचं होत नाही." मी अ लिहिला. तो आडवा झाला. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघींनी मिळून अ लिहिला. मी सत्तरीची, पण पाटी घेऊन बसलेली. ती एकदाही हसली नाही. मी असते तर हसले असते.

मग सुरी. डाव्या हाताने केलेला माझा पहिला डाव पार बिघडला. डावाच्या कडेला ओतण्यासाठी मी एक चोच काढते. इतकी वर्षे ती एकाच बाजूला निघत आली, कारण ठोकळा मी नेहमी एकाच बाजूने धरला. आता हात बदलला, ठोकळा फिरला आणि चोच निघाली भलत्याच बाजूला. सहा आठवड्यांनंतरचे पहिले काम, तेही उलटे. मी तो डाव रागाने ढलप्यांच्या डब्यात फेकला.

संध्याकाळी बघते तर सूनबाई तोच डाव घेऊन ओट्यापाशी उभी. पातेल्यातले दूध घेतले आणि ओळीने चार कपांत ओतले. ओट्यावर एक थेंब नाही. तिने डावाकडे बघितले, मग माझ्याकडे.

"आई, हा कुठून आणलात?"

"बिघडलाय तो."

"नाही हो. हा सरळ आहे."

मी खाली बसले. या घरात वाढायचे सगळे डाव माझ्या हातचे. सगळ्यांच्या चोची माझ्या हाताच्या सोयीच्या. तिच्या हातातून त्यातले दूध कपात न जाता मागच्या बाजूला यायचे, आणि मी अकरा वर्षे

गजर. बरे झाले, डोळे पुसता आले.

आणि मी अकरा वर्षे माझी चूक तिच्या नावावर खपवली. मी तिला म्हटले, "सांडलबाई मी गं, तू नव्हेस." तेव्हा मात्र ती हसली, आणि इतकी हसली की पाचव्या कपात ओतताना दूध सांडले. ते आम्ही दोघींपैकी कोणाच्याच खात्यावर धरले नाही. त्यानंतर मी अठरा डावे डाव केले आहेत. सुतारभाऊंच्या ओळखीच्या लोहाराने मला उलट्या बाकाची वाकडी सुरीही करून दिली.

कलम ८. अवजारांची पेटी. दोन सरळ सुऱ्या, उजवी वाकडी, डावी वाकडी, लहान करवत, कानस, धारेचा दगड आणि तेलाची बाटली, पेटीसकट सूनबाईला. विकायची नाही, माळ्यावर टाकायची नाही. आजच तिने पहिला चमचा केला. भोक पडले. ती फार पुढे जाईल असे मला वाटते. वीस मिनिटांचा नियम तिलाही लागू आहे, आणि तो मोडला तर मी जिवंत असेपर्यंत ओरडेन व त्यानंतर हे कलम ओरडेल.

कलम ९. रद्द केलेल्या मृत्युपत्राविषयी. काल साक्षीदार म्हणून व्यायामवाली आणि सुतारभाऊ यांची नावे घातली. सूनबाईने ती वाचली आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, मागच्या वेळी साक्षीदार मी होते. आता माझ्यावर विश्वास नाही का?"

म्हणून आता लिहितेच. आमच्या वकीलसाहेबांचा नियम असा की साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. तो नियम मी चौतीस वर्षे टाइप केला. दोन वर्षांपूर्वी तिला साक्षीदार केले ते विश्वासाने नव्हे. तिला काही द्यायचे नव्हते आणि तसे तोंडाने म्हणायचे नव्हते, म्हणून. तिच्याच हातून तिला डावलले. मी हे सगळे तिला काल ओट्यापाशी सांगितले.

ती हातातले काम न थांबवता म्हणाली, "मला माहीत होतं. तुमच्या कचेरीतल्या कारकूनकाकांनी तेव्हाच कानात सांगितलं होतं, सही करू नकोस म्हणून."

"मग केलीस कशाला?"

"मी सही केली आणि तुम्ही कागद उचलून बघितलात. म्हणालात, 'अक्षर सुरेख आहे गं तुझं.' नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, घर काय, तुमच्या मुलाचं ते माझंच."

मला ते वाक्य म्हटल्याचे आठवतसुद्धा नाही. म्हणून इथे, शुद्धीत, साक्षीदारांसमोर आणि कायमचे लिहून देते : माझ्या सुनेचे अक्षर सुरेख आहे. तिच्या डाव्या हाताचे. माझी खालची सही तिने शिकवलेली आहे, आणि ती माझ्या आधीच्या सगळ्या सह्यांपेक्षा मला जास्त आवडते.

ठिकाण : स्वयंपाकघरातले टेबल, कागद उजवीकडे तिरका.
दिनांक : नऊ मे ते तीस मे, रोज वीस मिनिटे, दोन रविवार सुट्टी.

आम्हां दोघांसमोर लिहून देणारीने हे वाचून दाखवले, दोनदा रडली, चारदा हसली आणि समजून-उमजून सही केली.

साक्षीदार १ : व्यायामवाली (सही)
साक्षीदार २ : खालच्या मजल्यावरचे सुतार (सही)

लिहून देणार : सांडलबाई (सही, डाव्या हाताची)