खिडकीची जागा

नृसिंहवाडी,
गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रिय रोहिणी,

नमस्कार. आईंना जयजिनेंद्र सांग. फोनवर तू "जाऊ दे गं" म्हणशील, म्हणून लिहिते आहे. आधी घडलं ते.

१. गेल्या बुधवारी शेवटच्या ढिगातल्या कास्टिंगच्या भोकांना मी मापाचा गेज लावला नाही. न मोजताच पासचे हिरवे ठिपके दिले.
२. तू विचारलंस, "राहिलंय काय? मी बघते की." मी म्हटलं, "झालंय सगळं."
३. माझ्या शब्दावर तू माल पाठवायची सही केलीस.
४. भोकं लहान निघाली. माल परत आला.
५. साहेबांनी तुला घरी बसवलं.

मला एसटी गाठायची होती. नाक्यावर आधी पोचलं तरच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येते. नाहीतर वाडीपर्यंत उभं.

गावाजवळची नोकरी सोडून मी शिरोलीला आले ती पगारासाठी. जास्तीचा पगार तिकिटात जातो, असं घरचे म्हणतात. तेवढा जात नाही, मी हिशेब केला आहे. जाते ती संध्याकाळ. वाडीत राहून दत्ताची पालखी कधी बघितली ते आठवत नाही. रस्त्यात गेलेला वेळ मी कामातून काढून घेऊ लागले. आधी थोडा, मग सवयीने. तो कंपनीचा वेळ आहे असं वाटायचं. तो तुझा होता.

एक मुद्दा वर लिहिला नाही. साहेबांनी "तपासलं कुणी?" विचारलं, तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभी होते. तू म्हणालीस, "मीच, साहेब." मी फरशीकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "गप बस तू. तुला वाडीपातूर जायाचं असतंय. माझं वडगाव काय, हाकेवर हाय."

लांबून येते, एवढीच माझी बाजू. तीही तू मांडलीस, आणि मी ती घेतली.

आणखी एक. त्या बुधवारी मला खिडकीची जागा मिळाली. गाढ झोप लागली. कंडक्टरने हलवून उठवलं, "ताई, उठा की, वाडी आली."

सोमवारी मी हे सगळं साहेबांना लेखी देणार आहे. माझी नोकरी बहुधा जाईल. पण त्यात तू खोटं बोललीस हेही उघड होईल. तुझ्याबद्दलचं मी लिहू, की तू सोबत येऊन स्वतः सांगशील?

रविवार संध्याकाळपर्यंत कळव.

क्रांती