चित्रकाराच्या कपाळावरची आठी

वडसा, गुरुवार, जानेवारी १९५६

थकले. दिवसभर जंगलखात्याचे नकाशे काढले, संध्याकाळी पाहुणे मला पाहून गेले. मुलाच्या बहिणीचा निरोप लगेच आला: पोरगी उदास दिसते, उद्या पुन्हा पाहू.

घरमालकीणबाईंनी माझ्या भिंतीवरच्या छापील चित्राकडे बोट दाखवलं. "याच्यावानीच तोंड करून बसली होती तू. याचं कोन मेलं होतं वो?"

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विलायती चित्रकाराने आरशात बघून काढलेला स्वतःचा चेहरा. विस्कटलेले केस, मागचा काळोख, हे त्याने ठरवून घेतलेलं सोंग, ते कळतं. पण भुवयांमधली ती आठी? तीही सोंगच?

मघाशी आरसा पुढे ठेवून स्वतःला काढू लागले. निरखायला लागलं की आठी येते, पेन्सिल ठेवली की जाते. म्हणजे दुःखाची नव्हे, पाहण्याची. त्याचीही तीच असावी.

पाहुण्यांसमोर मान खाली घालायची, तर मी मुलाला निरखत बसले होते. प्रत्येक उत्तराआधी तो बहिणीच्या तोंडाकडे बघत होता.

"उद्या हासजो जराशी," बाई आत्ता दारातून म्हणाल्या. "पाहुन्याइले का सांगू?"

"सांगा, उदास नव्हती. मुलाला पाहत होती. आणि पाहून झालं."