मंगळवारची फवारणी

प्रिय मिनल,

सप्रेम जयभीम. पत्र बघून हसशील. महाळुंग्याहून मारुंजी ती किती लांब, आणि हा म्हातारा पत्र कसलं लिहितो! पण फोनवर तू 'बरं अण्णा, ठेवते अण्णा' करतेस आणि माझं बोलणं राहूनच जातं.

दिवाळीत गुलाबांवरच्या औषधाच्या वासानं तुला उंबऱ्यातच उलटी झाली. घोटभर चहासुद्धा न घेता गेलीस, ती पुन्हा आली नाहीस. घर आणि पॉलिहाऊस एकमेकांना खेटून, वास जाणार तरी कुठे? तेव्हाच ठरवलं, पानांतला रस शोषणारे ते लाल कोळी आता विषाशिवाय आवरायचे.

तळवड्याच्या शेतीऔषधांच्या दुकानातल्या रणजीतनं कोळ्यांना मारणारी बुरशी दिली. भुकटी पाण्यात कालवायची आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला फवारायची. कोळी लगेच मरत नाहीत, बुरशी आधी त्यांच्या अंगात शिरते. म्हणजे वाट पाहणं आलं, आणि ते तुझ्या बापाला कुठलं जमायला!

कंपनी सुटली, सवय सुटली नाही बघ. मशीन बिघडो न बिघडो, मंगळवारी मेंटेनन्स. तसं इथे मंगळवारी भुरी रोगाचं औषध. सोमवारी बुरशी फवारली आणि मंगळवारी शिस्तीत तिच्यावरच बुरशीनाशक! बुरशी खलास, कोळी मजेत. रणजीत पोट धरून हसला. तुझी कस्तुराआत्या म्हणाली, "दादा, पाव्हणी बोलावलीस अन् तिच्याच अंगावर कुत्रं सोडलंस व्हय?"

पुन्हा फवारलं. या खेपेला मंगळवार येऊन गेला तरी पंपाला हात लावला नाही. पानं पिवळी पडत होती, फुलं घटली, जीव टांगणीला लागला होता. आता नव्या फुटीवर कोळ्यांची जाळी दिसत नाही. रणजीतनं भिंगातून मेलेल्या कोळ्यावरची बुरशीची पांढरी लव दाखवली, तेव्हा मी त्याला मिठीच मारली. घरात आता भाकरीचा वास येतो.

जावईबापू सांगत होते, बाळंतपणाला तिथेच बाई ठेवणार आहात. मिनल, पहिलं बाळंतपण माहेरी होतं गं. आई नसलेल्या घरी आपलं कोण करणार, असं तुझ्या मनात आलं असेल. तू बोलली नाहीस, पण बापाला कळतं. अंघोळ घालायला आत्या येईल. शेगडी पेटवणं, लंगोट धुणं, बाळ रडलं की खांद्यावर घेऊन फिरणं, सगळं मी करीन. मेथीचे लाडू वळायला शिकतोय, फुटतात अजून. तुझी आई गेली बाळा, माहेर नाही गेलेलं. न्यायला कधी येऊ, तेवढं कळव.

तुझाच,
अण्णा