पोचा नसलेला गंज

सानगडी,
दिवाळीनंतरचा मंगळवार

प्रिय दोस्त केशवरावले,

सोमाजीचा जयभीम अन् रामराम, दोन्ही घे. (कोणता आधी लिहावा यात अर्धा तास गेला. तुझा आधी लिहिला, कारण काम माझं आहे.) तुझा गुडघा काय म्हणते? खाणीतून रिटायर झाला अन् गुडघा दुखाले लागला म्हणे, म्हणजे इतकी वर्षं तोही ड्युटीवर होता म्हणून गप्प होता. तुझ्या मायची, विमलाकाकूची, तब्येत कशी आहे? बीपीची गोळी घेते ना? हे उगाच विचारून नाही राहिलो, पुढं कामी पडते.

फोन सोडून चिठ्ठी काहून, असं वाटलं असंल तुले. फोन केला की काकू मागून स्पीकर लावाले सांगते, अन् ही गोष्ट तिच्या आधी तुझ्या कानावर पडली पाहिजे. म्हणून बाबुलाल ड्रायव्हरच्या हाती पाठवून राहिलो, त्याचा ट्रक तुमच्या चिखल्यालेच जाते. गोष्ट त्या गंजाची आहे. होय, तोच. आमच्या पोराच्या, गोलूच्या लग्नात पन्नास घरचे भांडे आले होते, त्यात तुझ्या मायचा पितळेचा गंज होता. लग्नानंतर आम्ही वापस केला, काकू म्हणे हा माझा नाही, तुझी वहिनी मनकर्णा म्हणे हाच तुमचा. लग्नाच्या चुलीवर सारे गंज सारखेच काळे झाले होते. काकू तोच गंज रागारागात उचलून तुझ्यासंग चिखल्याले गेली, अन् तेव्हापासून नऊ वर्षं तिनं आमच्या दिवाळीनंतरच्या जत्रेले, मंडईले, पाय नाही ठेवला. मंडईच्या दिवशी घरात पाव्हणे मावत नाहीत, तरी काकूचा पाट रिकामा दिसते. मनकर्णा म्हणते, मले नाही दिसत. तिलेही दिसते.

तर झालं असं. साकोलीले एका संस्थेचं दोन दिवसांचं शिबिर होतं, 'मी कोण?' नावाचं. आपली मूल्यं, आपली बलस्थानं अन् आपली सांस्कृतिक ओळख शोधाची. नाव आमच्या सुनेचं, कामिनीचं होतं, पण धान कापाले बाया मिळून नाही राहिल्या, तर ती म्हणे, बाबा तुम्ही जा, तसेही तुम्ही धानाच्या बांधीत कामाचे नाही. (हे माझं पहिलं बलस्थान समज.) जेवण आहे असं समजलं, मंग मी नाही म्हणलं नाही. तिथं रिता मॅडम नावाच्या शिकवणाऱ्या बाईनं कागद दिला, तीन बलस्थानं लिहा म्हणे. साठ वर्षं मी स्वतःसंग राहून राहिलो, पण एक सुचंन तर शपथ. बाजूच्याचं पाहून लिहावं म्हणलं, तर तो माझंच पाहून राहिला होता. शेवटी 'भूक चांगली लागते' असं लिहिलं. मूल्यांच्या रकान्यात मात्र मी अडलो नाही. 'खरं बोलणे' असं मोठ्या अक्षरात लिहिलं अन् खाली रेघ मारली. मॅडमले इतकं आवडलं की तिनं तो कागद भिंतीवर चिकटवला. ती रेघ ध्यानात ठेव.

दुसऱ्या दिवशी घरून एक वस्तू आणाची होती, जिच्यात आपल्या घराची संस्कृती दिसते. घरी सभा भरली. मनकर्णा म्हणे सूप न्या, हलकं आहे. कामिनी म्हणे, टीव्हीत तर नऊवारी अन् नथ दाखवतात. मी म्हणलं, मी घालू का? मंग मले आजोबाचा गंज आठवला. आमच्या आजोबानं भंडाऱ्याहून बैलबंडीवर आणला होता, रस्त्यात बंडी उलटली अन् गंजाले मुठीएवढा पोचा पडला. आजोबा कसा होता तुले माहीत आहे. जन्मभर त्या पोच्यावर बोट ठेवून तीच गोष्ट सांगत जाय, अन् जन्मभर तुमच्या घरचं पाणी प्याला नाही. मी शाळेतून थेट तुमच्या घरी जेवाचो अन् आमच्या विहिरीवर तोंड धुऊन मंग घरात शिराचो, ते त्याच्याच भेवानं. तर तो गंज गोठ्यात पडला होता, म्हशीचं आंबोण शिजवाले. अंगावर बोटभर काजळी. कामिनीनं चिंच अन् राख लावून घासला, लखलखीत निघाला. मी चष्मा लावून पाहिला नाही, ही माझी चूक. बसमध्ये कंडक्टर म्हणे, याची हाफ तिकीट लागते. मी म्हणलं ही माझी संस्कृती आहे. तो म्हणे मंग मांडीवर घ्या. साकोलीपर्यंत मांडी आंबून गेली.

शिबिरात माझी पाळी आली. मी रंगात आलो, आजोबा सांगतला, बैलं सांगतले, चार पिढ्यांच्या पाच केल्या. मंग म्हणलं, अन् हा पाहा तो पोचा, अन् बोट फिरवलं. पोचा नाही. गंज फिरवला, पोचा नाही. उलटा केला, तरी नाही. चाळीस लोक अन् रिता मॅडम माझ्यासंग पोचा शोधून राहिले. शेवटी मॅडमले काठाखाली कोरलेली अक्षरं दिसली, तिनं माईकवर वाचली, 'सौ. विमलाबाई'. मले विचारलं, "विमलाबाई कोण?"

केशव, ते काकूचं नाव रे. म्हणजे काकू खरी होती अन् नऊ वर्षं तिचा गंज आमच्या म्हशीपुढं होता. समोर भिंतीवर माझी ती रेघ. मी म्हणलं, "माझी माय."

टाळ्या पडल्या. जेवणात मी दुसऱ्यांदा भात नाही घेतला, यावरून माझी हालत समज. वापस येताना गंज मांडीवर घेऊन विचार केला की आपण किती खोटं बोललो. माझी माय मी तिसरीत असताना गेली. त्यानंतर मासोळीचा मधला तुकडा माझ्या पुढ्यात कोण टाके? तुझ्या वाट्याले मासोळीचं डोकं यायचं, तू चिडायचा, काकू म्हणे गप, त्याची माय नाही. मले बसमध्ये रडू आलं, सांगाले लाज नाही. आता ते खोटं किती अन् खरं किती, हे तूच पाहा, मले तर जमून नाही राहिलं.

काकूले माझा नमस्कार सांग. कशाबद्दल, ते आताच सांगू नको.

तुझा,
सोमाजी

ता. क. – असली गोष्ट ही आहे. येत्या रविवारी साकोलीले संस्थेच्या साऱ्या शिबिरांचा समारोप आहे अन् मॅडमनं माय-लेकाचा सत्कार ठेवला आहे. काकूले घेऊन ये. हा तुमचा पोरगा का, असं कोणी विचारलं तर तिनं फक्त मान हलवाची. नाही हलवली तर मी माईकवर सारं सांगतो, म्हशीसकट. पण तिनं यावं. सोमवारी आमची मंडई आहे.

ता. क. दुसरा – मनकर्णा वाचून राहिली. म्हणते, पाया पडीन, पण चूक झाली असं तोंडानं म्हणणार नाही, काकूनं समजून घ्यावं. सोमवारच्या वड्यासाठी डाळ तिनं आजच निवडून ठेवली.

ता. क. तिसरा – चिठ्ठी बंद करता करता डोक्यात आलं. मंग आम्ही काकूले वापस केला तो गंज कोणाचा? घरात जाऊन पाहा, त्याले मुठीएवढा पोचा आहे का. असंल तर तो आमच्या आजोबाचा. जन्मभर तुमच्या घरचं पाणी नाही प्याला म्हातारा, अन् त्याचा गंज नऊ वर्षं तुमच्या घरी भात शिजवून राहिला. मले लय बरं वाटलं. तो तिथंच राहू दे. तू फक्त काकूले आण.