जाकीट पास होईपर्यंत

४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हृदयाची झडप बदलायची म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. मी पस्तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली, हजारो झडपा बदलताना पाहिल्या. खराब असेल ती काढायची, नवी बसवायची, पंप पुन्हा सुरू. डॉक्टरांकडून नव्या झडपेचा तपासणी दाखला तेवढा मागून घे.

निवृत्तीच्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तुझ्याकडे येईन तो मोटारसायकलवरूनच. तो शब्द पाळणार. एकोणीस एप्रिलला तुझं ऑपरेशन, मी पंधराला हजर. गाडी तयार आहे, अडलंय ते जाकिटापाशी. पावणेचारशे किलोमीटरच्या वाटेत घाटात थंडी, खाली ऊन आणि पाऊस कुठेही. तिन्हींना पुरेल असं एकच जाकीट हवं. दुकानदार म्हणतो, सगळीच पुरतात. दुकानदाराच्या शब्दावर मी आजवर साधा नटसुद्धा पास केलेला नाही.

कळावे. आशीर्वाद नेहमीचेच, मुदत न संपणारे.
तुझा
दादा


११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग जरा रडले, मग शाळेचे गणवेश शिवायला बसले. बेचाळीस चड्ड्या अजून बाकी आहेत. ऑपरेशनआधी द्यायच्या आहेत, कारण नंतरचं काय सांगावं.

डॉक्टर म्हणाले, छाती उघडावी लागेल. मी विचारलं, शिवताना दोरा कुठला वापरता. त्यांना थट्टा वाटली. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. शिवण उसवली तर माझी गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात, मी कुणाकडे जाऊ?

दादा, मला भीती वाटते. ह्यांना सांगितलेलं नाही, सांगितलं तर माझ्याआधी हेच आडवे होतील. मला आत नेतील तेव्हा तू समोर बसलेला हवास, एवढंच मागणं आहे. बसने ये. बसला छप्पर असतं. नाहीतर छातीचं आणि बाहीचं माप पाठव, दोन दिवसांत जाकीट शिवून धाडते.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती पत्रातून नको, समक्ष दे.
तुझी
धाकटी


२६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरी शिवलेल्या जाकिटाला कोपरावर आणि पाठीवर मार झेलणारे जाड तुकडे नसतात, तेव्हा तो विचार सोड.

आतापर्यंत सहा जाकिटं आणली, पाचांना लाल चिठ्ठी लावून परत केली. पहिलं शॉवरखाली अकराव्या मिनिटाला कॉलरमधून गळलं. दुसऱ्याचं पाणी अडवणारं अस्तर आत होतं, म्हणजे पाऊस आला की आधी रस्त्यात कपडे काढायचे. तिसऱ्यात हवा खेळते, पण ती पाण्यालाही सोबत घेऊन येते. चौथं शीतगृहात नापास. पाचव्याचा रंग मला उगीचच आवडला होता, म्हणून जास्त कडक तपासलं. दुकानदार आता मला लांबून पाहिलं की जेवायला जातो, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात. सहाव्याकडून आशा आहे.

तू धीर धर. कळावे, लोभात गळती नाही, खात्री असावी.
तुझा
दादा


३ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमच्या भावाने चाचण्यांचं सगळं कळवलं असेल, पण जाकिटात कोण होतं ते कळवलं नसेल. मी होते. ह्यांचं म्हणणं, गळती बाहेरून पाहायची असते, पंप तपासताना हे कधी पंपात शिरले नाहीत. म्हणून शॉवरखाली वीस मिनिटं मी आणि हे बाहेर घड्याळ घेऊन. शीतगृहात मासळीच्या खोक्यांवर मी, आणि हे दाराच्या काचेतून खुणेने विचारतायत, गार लागतंय का.

मग निघाली वाऱ्याची चाचणी. बाही किती फडफडते ते ह्यांना मैदानाच्या कडेला उभं राहून बघायचं, म्हणजे गाडी चालवणार कोण? कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने मला आठ दिवसांत शिकवली. काल साठच्या वेगाने गेले. वन्सं, खोटं कशाला बोलू, फार मजा आली. परवान्याची परीक्षाही परवा पास झाले. ह्यांनी नोंद केली, बाही स्थिर.

तारीख जवळ येतेय आणि ह्यांचं निघायचं लक्षण दिसत नाही. तुम्ही काळजी करू नका, हे सांगायला काय जातंय, पण तरी सांगते.
आपल्या प्रेमाची हक्कदार,
वहिनी


१२ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आनंदाची बातमी. सहावं जाकीट सर्व चाचण्यांत पास झालं. ऊन, थंडी, पाणी, वारा, कशातही खोट नाही.

आज प्रथमच ते मी अंगात घातलं. एक हात गेला, दुसरा गेला नाही. सगळ्या चाचण्या तुझ्या वहिनीच्या मापाच्या नगावर झाल्या, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मोठं माप मागवलंय, पण तो नवा नग, त्याची तपासणी पहिल्यापासून करावी लागेल. पंधरा तारीख हुकणार असं दिसतं. एकोणीसचं काही पुढे ढकलता येतं का ते विचारून पाहा.

कळावे. रागावलीस तरी माझीच आहेस.
दादा


२७ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी सांगतेय आणि हे लिहून घेतायत, म्हणून अक्षर बरं आहे.

झडप बदलली. ती व्यवस्थित उघडझाप करते. सतरा तारखेला भर पावसात दारात मोटारसायकल थांबली आणि वहिनी उतरली. आतून कोरडी ठणठणीत. निघताना तू तिला अडवलं नाहीस, निरीक्षणाचा छापील तक्ता दिलास म्हणे. तो तिने भरला नाही. मला आत नेईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही, जाकीटही काढलं नाही, परिचारिकेने दोनदा हटकलं तरी.

ती आली म्हणून मी तरले, हे तिच्या तोंडावर सांगितलं. पण दादा, दाराकडे मी तुझ्यासाठी बघत होते. नंतर फोनवर तू विचारलंस की कॉलरमधून पाणी आलं का. मी फोन ह्यांच्याकडे दिला.

जाकीट चांगलं आहे. तू कधी येतोस?
धाकटी


१ मे

धाकटे,

मायना सुचत नाही, तुझ्या पत्राने सगळे मायने उतरवले. 

कॉलरचं विचारलं, कारण दुसरं काही विचारायला जीभ वळेना. पावसाची मला कधीच भीती नव्हती. तुला नळ्या लावून पडलेली बघायचं धैर्य नव्हतं. रोज एक खोट सापडत गेली आणि मी रोज सुटत गेलो. तपासणीवाल्याला हे फार सोपं असतं गं, आयुष्यभर दुसऱ्यालाच नापास करायचं.

मोठं माप आलं होतं. खोका न उघडता परत केला. दुकानदाराने चहा पाजला.

शनिवारच्या बसने येतोय, दुपारी चारला पोचेन. आल्यावर हवं ते बोल, मी ऐकून घेईन. तुझ्या वहिनीला स्टँडवर पाठव. पिशवी एकच आहे, मी मागे बसेन.

तुझा
दादा