कॅलेंडुलाची ताटली

२९ जानेवारी

पाकळ्या तळल्या! चाळीस वर्षं कॅन्टीनचा मुख्य स्वयंपाकी मी, आणि साधं फुलांचं तेल जमलं नाही. तेल कडकडीत तापवलं, ताजी फुलं सोडली — चर्रर्र! काळीठिक्कर. घरभर धूर. ही पलंगावरून बघत होती. पूर्वीची असती तर पोट धरून हसली असती.

हिच्या नडग्या कोरड्या पडून खवले निघतायत. डाव्या हाताने सारखी खाजवते. उजवा ऑक्टोबरपासून हलत नाही. झटका आला त्या दिवशी बोलणंही गेलं. दर हिवाळ्यात अख्ख्या गल्लीला हिचं कॅलेंडुलाचं तेल लागायचं. आता हिलाच हवंय, तर करणार कोण? मीच! पण कसं करतात ते मला ठाऊक नाही. फुलं वाळत घातली की ही मला मागच्या खोलीत पाऊल टाकू द्यायची नाही. "तुमचं राज्य कॅन्टीनमध्ये. इथे लुडबुड नको." वाफा मात्र मीच खणून दिलेला, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. थोडं लागायचं मनाला. बोललो नाही कधी.

डॉक्टर म्हणतात, माणसं कितपत ओळखते ते सांगता येत नाही. बोलली नाही तरी चालेल, उठली नाही तरी चालेल. मी कोण ते हिला कळतं का — एवढंच मला कळू दे.

३० जानेवारी

पडून पडून हिच्या टाचेला झालेल्या जखमेची पट्टी बदलायला येणारी सिस्टर कढई बघून म्हणाली, "काका, पाकळ्यांना फोडणी दिलीत?" आगाऊ आहे! पण हात हलका आहे तिचा.

मग नीट सांगितलं. फुलं सावलीत वाळवायची, पार चुरचुरीत होईपर्यंत. ओल राहिली तर बुरशी. मग बाटलीत, वर तेल, चार आठवडे. गाळताना स्वच्छ फडकं. टाचेच्या जखमेच्या आसपासही न्यायचं नाही, फक्त धड कातडीवर लावायचं. आणि काढाबिढा करून पाजायचा नाही, गोळ्या चालू आहेत. "फूल आहे म्हणून काहीही चालतं असं नाही हं काका."

"आणि आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस बघायचं." बरं म्हटलं.

२ फेब्रुवारी

सकाळी दव गेल्यावर वाफ्यावर गेलो. ताटलीभर फुलं. कुणी त्यांना झेंडू म्हटलं की ही चिडायची — "ते वेगळं, हे वेगळं!" वाटलं, बघून खूश होईल. ताटली मांडीवर ठेवली.

हिने डाव्या हाताने ढकलली! फुलं जमिनीवर. वर "अं! अं!" करून माझ्याकडे बघून मान हलवत राहिली. नको. नको.

गोळा केली एकेक. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाकही गळायला लागलं. म्हातारपणी माणूस रडका होतो.

६ फेब्रुवारी

रोज पाकळ्या उलट्या-सुलट्या करतो. बोटं खाजतात. भांड्यांचा साबण बदलायला हवा.

१० फेब्रुवारी

चुरचुरीत झाल्या! बाटली भरली, तारखेची चिठ्ठी चिकटवली. हिला दाखवायला पुन्हा थोड्या पाकळ्या घेऊन गेलो. माणसाने हट्ट किती करावा!

ताटली पुन्हा खाली. या वेळी माझा हातही झटकला. ओळखत असती तर असं केलं असतं? परक्या माणसाला हाकलतात तसं हाकललं मला. लेकीला फोनवर एवढंच सांगितलं — आई बरी आहे.

२१ फेब्रुवारी

बाटली हलवली. हिचे केस विंचरले. विंचरू देते. ताटली नसली की काही म्हणत नाही.

१० मार्च

तेल गाळलं. काय रंग आलाय! हिच्याच तेलासारखा. सिस्टरचं ऐकलं — थेंबभर तेल हाताच्या आतल्या बाजूला लावलं. माझ्या.

११ मार्च

कोपरापासून मनगटापर्यंत लालभडक. पुरळ, आग, खाज! सिस्टरने कपाळाला हात लावला. "कातडी काकूंची आणि परीक्षा तुम्ही दिलीत?"

काय करणार? आधी स्वतः चाखल्याशिवाय कुणाच्या ताटात काही वाढलं नाही जन्मात! म्हणाली, शेवंती-सूर्यफुलाच्या घराण्यातलं फूल आहे, काही जणांना अजिबात सोसत नाही. तुम्ही त्यातले. डॉक्टरांना हात दाखवा आणि तेलाला शिवू नका.

मग हिच्या दंडावर थेंबभर लावून गेली.

१३ मार्च

हिला काहीच झालं नाही. साधा लालसर ठिपकाही नाही. सिस्टरने नडग्यांना तेल चोळलं. हिने डोळे मिटून घेतले. किती दिवसांनी खाजवायची थांबली! मी दारातून बघत होतो. तेल लागलं, काम झालं. माझा हात नसला म्हणून काय बिघडलं?

बिघडलं. मला लावायचं होतं.

१५ मार्च

लेक आली. माझा हात बघून ओरडलीच. "बाबा! तुम्ही फुलांना हात लावलात? तुम्हाला सोसत नाहीत ती! पहिल्याच वर्षी तोंड सुजलं होतं तुमचं. तुम्ही म्हणालात, कॅन्टीनच्या मसाल्याने. आईला कळलं होतं, तिनेच मला पुढे सांगितलं. मला शपथ घातली होती तिने — बाबांना सांगायचं नाही, हौसेने खणून दिलेला वाफा स्वतःच्या हाताने उपटून टाकतील. म्हणून तर तुम्हाला मागच्या खोलीत येऊ द्यायची नाही."

हात साबणाने दोनदा धुतले. सदरा बदलला. रिकाम्या हातांनी हिच्याजवळ जाऊन बसलो. हिने माझी बाही वर सरकवली, पुरळ बघितलं. मग बोटं घट्ट धरली. अजून सोडलेली नाहीत, एका हाताने लिहितोय.