हद्दीबाहेरचा धूर

१६ एप्रिल २००७

पोचले एकदाची! आर्वीच्या स्टँडवर एस.टी.तून उतरले तेव्हा चपला डांबराला चिकटत होत्या, आणि मी वेड्यासारखी हसत उभी. पर्यावरण अधिकारी ज्योत्स्ना शेडगे! साताऱ्यात आईने निघेपर्यंत ‘एवढ्या लांब कशाला’चा जप लावला होता. आता तिला फोन करून सांगते की इथे मला स्वतंत्र क्वार्टर आहे, कूलर आहे आणि स्वयंपाकाला बाई आहे. घरी यातलं काय होतं?

कंपनी औषधांचा कच्चा माल बनवते, म्हणजे दुकानातल्या गोळ्यांत जी पांढरी पूड असते ती. चहूकडे काळी शेतं, मध्ये आमची चिमणी. क्वार्टर भिंतीच्या आत, अगदी टोकाला. भिंतीपलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे गाव.

स्वयंपाकाची भागीरथाबाई त्याच गावातली. मला बघितल्याबरोबर तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, लय वाळल्या व माय तुमी, घरचे जेवाले देत नाई काय? मग वांग्याची भाजी अशी केली की मी पोळ्या मोजायच्या सोडून दिल्या. तिचा मुलगा रूपराव आमच्याच बॉयलरवर आहे आणि सून मोहिनीला चौथा महिना. एवढं सगळं तिने कणीक मळता मळता सांगितलं. मला ही बाई फार आवडली आहे.

२३ एप्रिल

माझं काम काय ते आईला अजून कळलेलं नाही, म्हणून इथे सोपं करून लिहिते. युरोपातली एक मोठी कंपनी आमची पूड घेणार आहे. पण ती बनवताना आम्ही हवेत किती कार्बन सोडतो, माती-पाण्यात काय घालतो, हे त्यांना आधी हवंय. तो हिशेब मी करायचा. सुरुवात नकाशापासून. कारखान्याभोवती लाल रेघ मारायची. रेघेच्या आत जे घडेल ते आपलं, बाहेर जे घडेल त्याच्याशी आपला संबंध नाही.

आमचा बॉयलर कोळशावर नाही, पऱ्हाट्यांवर चालतो. कापूस वेचून झाला की शेतात वाळकी झाडं उरतात, त्या पऱ्हाट्या. त्यांचा कार्बन नियमाप्रमाणे शून्य धरतात, कारण पुढच्या वर्षीचं पीक तो परत ओढून घेतं. चिमणीतून ढग निघतोय आणि कागदावर शून्य! मी भागीरथाबाईला हे समजावून सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. तिच्या घरचा धूर तं डोयाले झोंबते म्हणाली.

मग हसणं थांबवून म्हणाली, कंपनी साऱ्या पऱ्हाट्या घेऊन राह्यली, गावात बायांले जयतनच नाई. चुलीला घालायला काड्या वेचत नाल्यापर्यंत जावं लागतं. मी हं हं केलं. चुली लाल रेघेच्या बाहेर आहेत.

१५ मे

असा उन्हाळा माणसांसाठी नसतो. आज ड्रम फुटले.

औषध काढून घेतलं की तळाशी डांबरासारखा गाळ उरतो. तो विषारी कचऱ्याच्या ठिकाणी पाठवायचा असतो. पाठवायचा कोणी, कधी, या घोळात ड्रम पऱ्हाट्यांच्या शेडला टेकून साठत गेले, उन्हाने फुगले आणि आज फुटले. पऱ्हाट्यांची अर्धी गंजी भिजली. वास गोडसर, उतरलेल्या चिकूसारखा. पाच मिनिटं उभी राहिले तर माझं डोकं दुखायला लागलं.

भूपेंद्रजींनी खुर्चीत बसकण मारली. हे कारखान्याचे मॅनेजर, मालकांचे पुतणे, आर्वीच्या व्यापारी घरातले. एरवी सगळ्यांची टर उडवतात, आज चेहरा पांढराफटक. भिजलेल्या पऱ्हाट्या बॉयलरमध्ये घातल्या तर चिमणीच्या तपासणीत सापडणार. विषारी कचरा म्हणून दाखवल्या तर माझ्या अहवालात येणार. दोन्हीकडून युरोपवाले हातचे जाणार.

१७ मे

तोड मी काढली. हे इथे स्वच्छ लिहून ठेवते. भूपेंद्रजींनी नाही, मी.

गावात जळण नाही. पऱ्हाट्या उन्हात वाळवायच्या आणि गावाला फुकट वाटायच्या. चुलीत जळतील तो धूर आमच्या रेघेबाहेर. शिवाय अहवालात गावाला मदत म्हणून एक फोटो. भूपेंद्रजींनी टेबलावर थाप मारली, क्या बात है मॅडम म्हणाले आणि माझ्यासाठी लस्सी मागवली. मी ती प्यायले. चांगली होती.

वाळल्यावर त्यात काय उरणार, असं मी त्यांना म्हणाले. मी रसायनशास्त्र शिकले आहे. काय उरतं ते मला माहीत आहे.

४ जून

वाटप झालं. बाया डोक्यावर मोळ्या घेऊन रांगेने निघाल्या, मी फोटो काढले. भागीरथाबाईने सगळ्यांसमोर माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मॅडमनं आमचे पाय वाचवले म्हणाली. मला घाम फुटला, उन्हाचाच असणार. वाटपातल्या काही काड्या काळपट, चकाकत्या होत्या. त्या जड असतात आणि उशिरापर्यंत जळतात, म्हणून बायांनी त्याच आधी उचलल्या.

११ जुलै

भागीरथाबाई खोकते. कोरडा, तळातून खरवडून आल्यासारखा खोकला. भाजीत मीठ दोनदा पडलं. तिला चवच लागत नाही म्हणे. डोळे लाल. गावातल्या आणखी दोघी-तिघींना असंच झालंय, पाऊसपाण्याचं होतंच, असं म्हणाली. मी तिला गोळ्या आणून दिल्या. आमच्याच पुडीच्या असतील कदाचित.

तिला सांगायला तोंड उघडलं होतं. मग ती म्हणाली, जयतन फार चांगलं आहे तुमचं, एका काडीत भाकर होते. मी तोंड मिटलं.

९ ऑगस्ट

भागीरथाबाई गेली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दमा म्हणून लिहिलं.

मी गेले होते मातीला. मोहिनी पोट सांभाळत कोपऱ्यात बसली होती. रूपरावाने माझ्या पायाला हात लावला. आई तुमचं नाव घेत होती म्हणाला. मी घरी आले. सांगायला हवं होतं. आता सांगितलं तर विचारतील, तेव्हा का नाही सांगितलं? काय उत्तर देऊ?

२० ऑगस्ट

माझ्याकडे गॅस आहे. तरी सकाळी चहा ठेवला की घरात चुलीचा वास येतो. पऱ्हाटीचा, आणि त्यात चिकूचा गोडसरपणा.

बॉयलरचा धूर इकडे येत नाही. आठवडाभर वारा उलट आहे. आज स्वयंपाकघरातलं छत पाहिलं. गॅसच्या वर काजळी धरली आहे, चुलीवर धरते तशी. पुसली. दुपारी पुन्हा होती. लॅबमधून हवा तपासायचं यंत्र आणून लावलं. माझे डोळे चुरचुरत होते, पाणी वाहत होतं, आणि यंत्रात शून्य.

१२ सप्टेंबर

काल पोळा होता, आज मारबत. मला ही पद्धत ठाऊक नव्हती. पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या खोचतात. दुसऱ्या दिवशी दिवस उजाडायला त्या उपटतात आणि आरोळ्या देत गावाबाहेर नेऊन टाकतात. रोगराई, ताप, खोकला, सगळं घेऊन जा म्हणून मारबत नावाच्या पीडेला सांगतात. गावातलं दुखणं शिवेबाहेर काढायचं.

मी चहाचा कप घेऊन गच्चीवर उभी होते. आवाज जवळ येत गेला. पोरं, म्हातारे, बाया. यंदा खोकल्याचं नाव सगळ्यांत मोठ्याने घेत होते. रस्ता ओलांडून ते सरळ आमच्या भिंतीशी आले आणि फांद्या आत फेकल्या. माझ्या क्वार्टरच्या मागे.

रूपरावाला विचारलं. तो खालमानेने म्हणाला, गावाची शीव इथंच हाये मॅडम, पूर्वी इथं पडीक होतं. तुमच्यासाठी कोणी केलं नाई. त्याला वाटलं मी रागावले. मी रागावले नव्हते. त्यांची रेघ आणि माझी रेघ एकच आहे, एवढंच मला कळत होतं. मी खोकला रेघेबाहेर टाकला होता. त्यांनी तो आज परत टाकला.

१४ सप्टेंबर

कोणीतरी खोकतंय. स्वयंपाकघरात.

भरदिवसा, जेवणाच्या वेळी. कोरडा, तळातून खरवडलेला. मी ओळखते तो. आत गेले तर कोणी नाही. ओट्यावर कणीक मळायचं ताट मांडलेलं होतं. मी मांडलं नव्हतं.

१९ सप्टेंबर

युरोपातले दोघे आले. अहवाल पास. भूपेंद्रजींनी सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवला. पाहुण्यांना क्वार्टर दाखवायला आणलं. ते आत उभे राहून हवा किती स्वच्छ आहे म्हणाले. मला त्यांचे चेहरे धुरातून दिसत नव्हते. त्यांच्या मागे ती खोकत होती आणि कोणी वळून पाहिलं नाही.

मी हसत होते. फोटोत मी हसतेय.

२२ सप्टेंबर

रूपराव पेढे घेऊन आला. मोहिनीला मुलगी झाली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला हसताना पाहिलं. मी पेढा तोंडात टाकला. मग तो म्हणाला, आईनं मोहिनीच्या बाळंतपणाले तुमच्या पऱ्हाट्या राखून ठेवल्या होत्या. त्या चांगल्या, काळ्या, जड. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात ना, शेकायला. त्या शेगडीत आजपासून त्याच लावल्या आहेत. दार-खिडकी लावून घेतली आहे, वारा लागू नये म्हणून.

पेढा तोंडात तसाच. सांग, सांग, सांग. तो माझ्याकडे पाहत होता.

छान, म्हणाले मी.

२२, पुन्हा

मी राक्षसीण आहे. उद्या सकाळी जाऊन सांगते. सगळं. ड्रम, गाळ, माझी तोड. भागीरथाबाईचंही. मारू देत मला.

२३ सप्टेंबर

गेले नाही. भूपेंद्रजींनी जीप पाठवली, नागपूरला सह्या करायच्या होत्या. जीपला थांब म्हणता आलं असतं. गाव रस्त्यापलीकडे आहे, हाकेच्या अंतरावर.

परत आले तर घरात पाय ठेवायला जागा नाही, धूर. छतापासून खाली, माझ्या छातीपर्यंत. ती ओट्यापाशी खाली बसली आहे. पाठ दिसते फक्त. भाकर थापतेय. खोकत खोकत थापतेय. मला काही करत नाही. एकदाच म्हणाली— काऊन नाई सांगतलं व माय.

रागाने नाही. तेच सहन होत नाही.

२४ सप्टेंबर सकाळ

निघाले होते. फाटकापर्यंत. फाटकाशी बाया होत्या, मला पाहून नमस्कार केला. मॅडम आल्या म्हणाल्या. एकीने विचारलं पुन्हा पऱ्हाट्या देणार ना—

परत आले.

२४ दुपार

धुरात बसून लिहितेय. अक्षर दिसत नाही. यंत्र शून्य दाखवतं. मला खोकला नाही, एकदाही नाही, हे आत्ता लक्षात आलं. मला काहीच होत नाही. सगळं त्यांनाच—

दार लागलेलं आहे त्यांचं. शेगडी बाजेखाली. अजून वेळ आहे. चपला घालते. आता कोणी आडवं आलं तरी

ती थापायची थांबली. भाकर तव्यावर. कान देऊन ऐकतेय काहीतरी. रस्त्याकडे तोंड करून.

चपला घातल्या. जाते. भागीरथाबाई, जाते मी, बघ, निघालेच—

थांब.

आत दुसरा खोकला. तिचा नाही. तरुण. तिच्या शेजारी कोणी येऊन बसलं. ती सरकून जागा देतेय. ती म्हणतेय ये बाई, येजो, बस—

मोहिनी नाही. मोहिनी नको. मी निघाले आहे, हे बघ दार उघडलं, मी सांगते, अजून बाळ तरी

मोहिनीच्या पदराखाली काहीतरी आहे. हलतंय. खोकला. अगदी बारीक, मांजराच्या पिल्लाएवढा